तापाची गोळी घेण्याआधी पट्टीची मागची बाजू वाचा

अंग दुखतंय म्हणून सकाळी कॉम्बिफ्लाम, ताप वाटतो म्हणून दुपारी डोलो ६५०, नाक वाहतंय म्हणून रात्री सिनारेस्ट. नावं तीन, पण पॅरासिटामॉल तिन्हींत आहे! पट्टीमागे ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं. चष्मा लावून वाचा, नाहीतर मेडिकलवाल्याला सरळ विचारा, "यात पॅरासिटामॉल किती आहे?" मोठ्या माणसाच्या पोटात २४ तासांत सगळं मिळून ४,००० मिलिग्रॅमहून जास्त जाता कामा नये. ६५० च्या सहा गोळ्यांतच ही हद्द जवळजवळ गाठली जाते. दोन गोळ्यांमध्ये चार ते सहा तास जाऊ द्या. वजन फार कमी असेल, रोज दारू घेत असाल किंवा लिव्हरचा त्रास असेल, तर मर्यादा याहून कमी. ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

चुकून जास्त गोळ्या गेल्या तर बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. पहिल्या दिवशी फारसं काही जाणवत नाही, पण लिव्हर आतून बिघडत असतं.

आणि सुट्या गोळ्या घेताना नाव आणि एक्सपायरी छापलेला तुकडाच मागा.