पावसाळ्यात एकट्यानं किल्ला बघायचाय? मग बेळगावातच राहा

जून ते ऑगस्ट मालवणला जाऊ नका असं नाही, पण सिंधुदुर्गाच्या होड्या तेव्हा बंद असतात. किनाऱ्यावरूनच तटबंदी बघून परतावं लागतं. त्यापेक्षा तो दिवस बेळगावच्या किल्ल्याला द्या. बसस्टँडवरून चालत जाता येतं, खंदक भरलेला असतो आणि गर्दी नसते.

निम्मा वेळ किल्ल्यातल्या कमल बस्तीसाठी ठेवा. 1204 सालचं हे जैन मंदिर. मंडपात उभं राहून मान वर करा: छतातून दगडी कमळ खाली लोंबतंय, पाकळीवर पाकळी. ढगाळ दिवशी आत अंधार असतो, म्हणून डोळे सरावेपर्यंत थांबा. लगेच मोबाईल काढलात तर निम्मं कोरीवकाम दिसणारच नाही. जैन मंदिरात चामडं चालत नाही, म्हणून चामड्याचा पट्टा, पाकीट घरीच ठेवा. कापडी पिशवी बरी.

तिथून सफा मशीद, मग रामकृष्ण आश्रम. विवेकानंद 1892 मध्ये बेळगावला आले होते, त्यांचं स्मारक इथं आहे. लष्करी हद्दीच्या पाट्या दिसल्या की कॅमेरा आत. तटावर शेवाळ असतं, एकटे असाल तर चढूच नका. भिजलात तर खडेबाजार गाठा, गरम चहा घ्या आणि पाव किलो कुंदा, म्हणजे बेळगावची प्रसिद्ध मिठाई, बांधून घ्या.