मोठ्या संख्येचे गुणधर्म काढताय? या चुका टाळा

मोठी संख्या समोर आली की आपण थेट भागायला बसतो. ती मूळ संख्या (१ आणि स्वतःखेरीज कशानेच भाग न जाणारी) आहे का, विभाजक किती, त्यांची बेरीज किती? पण बऱ्याचदा गणित बरोबर असतं आणि संख्याच वाटेत बदललेली असते. म्हणून आधी तिकडे बघा.

एक्सेलच्या रकान्यात १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ टाका. एक्सेल पहिले १५ अंकच धरून ठेवतं, उरलेल्या सहा अंकांच्या जागी शून्यं येतात. शेवटी ७ असलेली विषम संख्या आता चक्क १० ने भागली जाते! ही संख्या म्हणजे २ चा ६७वा घात वजा १. तिचे खरे अवयव १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. गणितज्ञ फ्रँक कोल यांनी ते १९०३ मध्ये दाखवले. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतही साधेपणाने ९००७१९९२५४७४०९९३ लिहिलं तर शेवटचा ३ जाऊन २ येतो. उपाय सोपा आहे: रकाना आधी ‘मजकूर’ करून ठेवा आणि आकडेमोड पायथन या प्रोग्रामिंग भाषेत करा. तिथेही भागाकाराला दुहेरी तिरकी रेघ (//) वापरा. एकेरी रेघ दशांश उत्तर देते आणि अचूकता पुन्हा जाते.

हाताने उतरवताना शेजारचे दोन अंक उलटसुलट होतात, तेव्हा अंकांची बेरीज ताळा म्हणून कामाची नाही. ३६०३६० चं ३६०६३० झालं तरी बेरीज १८ च राहते. ११ ची कसोटी लावा: उजवीकडून एकाआड एक अंक मिळवा आणि वजा करा. पहिल्या संख्येचं उत्तर ०, दुसरीचं ६, म्हणजे चूक लगेच दिसते. शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल या कसोटीतून सुटत नाही, म्हणून मला ती फार आवडते.

‘छोट्या संख्यांनी भाग जात नाही, म्हणजे मूळच’ ही घाई गणितज्ञ फर्मालाही भोवली. ४२९४९६७२९७ मूळ असावी असं त्याला वाटत होतं. गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये तिचा ६४१ हा अवयव काढला. दुसरा अवयव ६७००४१७. शंभरपर्यंत भागून थांबलात तर तुम्हीही फसाल. वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायला हव्यात, इथे म्हणजे ६५५३६ पर्यंत.

विभाजक मोजताना अवयव अर्धवट पाडू नका. ३६०३६० = ३६० × १००१ इथेच थांबून दोन्ही मूळ धरले तर उत्तर येतं ४. खरी मांडणी २³ × ३² × ५ × ७ × ११ × १३. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा: ४ × ३ × २ × २ × २ × २ = १९२. तो १ मिळवायचा राहिला तर ६ येतं. विभाजकांची बेरीज १५७२४८०. तीही याच मांडणीवरून निघते. प्रत्येक मूळ संख्येचे १ पासूनचे घात मिळवा (२³ साठी १ + २ + ४ + ८ = १५) आणि त्या बेरजांचा गुणाकार करा: १५ × १३ × ६ × ८ × १२ × १४.

३ आणि ९ चा अंकांच्या बेरजेचा नियम २७ ला लावू नका. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण २७ ने भागल्यावर बाकी ९ उरते.

फर्माची कसोटी (संख्येपेक्षा एकने कमी असा २ चा घात त्या संख्येने भागून बाकी १ येते का बघणं) वापरत असाल तर ५६१ लक्षात ठेवा. २ चा ५६०वा घात ५६१ ने भागला की बाकी १ येते, मूळ संख्येला यावी तशीच. पण ५६१ = ३ × ११ × १७.