स्पीडवे: टेप उडण्याआधीची दोन मिनिटं

स्पीडवे म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरची मोटरसायकल शर्यत. तिची एक हीट, म्हणजे एक छोटी शर्यत: चार रायडर, चार फेऱ्या आणि जेमतेम एक मिनिट. पहिल्याला 3 गुण, मग 2, 1 आणि शेवटच्याला भोपळा. पोलंड, स्वीडन, ब्रिटनच्या लीगमध्ये रायडरची बरीचशी कमाई या गुणांवरच ठरते आणि इंजिन, टायर, मेकॅनिक, व्हॅनचं डिझेल त्याच पैशांतून भागवायचं असतं. पोलंडचा रायडर बार्तोश झ्मार्झलिकने सहा जगज्जेतेपदं मिळवली, आणि मागून येऊन गाडी काढण्यात त्याचा हात धरणारे थोडेच. तुम्ही मात्र तसं गृहीत धरू नका. पहिल्या वळणावर मागे पडलात की पुढच्याच्या चाकाची माती गॉगलवर बसते. घसरत वळायला शिकताना मजा येते, पण सरावाचा मोठा वाटा स्टार्टला द्या.

गाडी 500 सीसी, एक सिलिंडर, इंधन मिथेनॉल, किमान वजन 77 किलो. ब्रेक नाहीत, रेसमध्ये गिअर एकच. म्हणजे स्टार्टला हाताशी फक्त थ्रॉटल, क्लच आणि तुमचं वजन. मोटोक्रॉसमधून येणाऱ्यांची बोटं पहिले काही दिवस नसलेला ब्रेक शोधतात.

पिटमध्ये आधी क्लच बघा. मागचं चाक उचलून इंजिन चालू करा आणि क्लच पूर्ण दाबा. चाक जोरात फिरतच राहिलं तर क्लच चिकटतोय. अशी गाडी स्टार्टला पुढे सरकते, रेषेवर आडव्या ताणलेल्या टेपला लागते (ही टेप वर उडाली की हीट सुटते) आणि तुम्ही हीटमधून बाद. (काही लीगमध्ये 15 मीटर मागून सुटायची मुभा मिळते, पण तिथून गुण काढणं अवघड.) मग मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक. आधीच्या हीटमध्ये जड मातीत इंजिन दमत असेल तर एक दात मोठं लावा, कोरड्या गुळगुळीत ट्रॅकवर चाक नुसतं गरगरत असेल तर एक दात लहान. एका वेळी एकच बदल, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. इंजिन बंद करणारी दोरी उजव्या मनगटाला बांधलीय ना, हेही बघा.

दोन मिनिटांची घंटा झाली की त्या वेळेत स्टार्टला पोचायचं. तिथे बुटाने सैल माती बाजूला सारा. खाली ओलसर, घट्ट थर लागला पाहिजे, मागचं चाक त्यावरच उभं करा. आधीच्या हीटांनी खळगा पाडला असेल तर तो भरून दाबून घ्या. गाडी सरळ ठेवा. पुढचं चाक आधीच डावीकडे वळवलंत तर सुटताना गाडी तिरकी उडते आणि शेजाऱ्याच्या हँडलला लागते.

हिरवा दिवा लागला की हालचाल बंद. छाती टाकीवर, कोपरं वर, इंजिनचा आवाज एका पातळीवर धरलेला. नजर हीट सोडणाऱ्या स्टार्टरवर नको, टेपच्या आपल्याजवळच्या भागावर हवी. टेप हलली की क्लच सोडा, पण पूर्ण एकदम नाही. पहिल्या मीटर-दोन मीटरात क्लच किंचित घसरू द्या, मग सोडून द्या. पुढचं चाक उचललं तर वजन मागे राहिलंय किंवा क्लच फार झटक्यात सुटलाय. चाक जागेवर फिरलं तर रेस जास्त दिलीय, नाहीतर जागेवरची सैल माती नीट सारली नाही.

डावीकडच्या वळणात डावा पाय, बुटावर चढवलेल्या लोखंडी शूजसकट, मातीवर हलका टेकवा. हँडल उजवीकडे, थ्रॉटल उघडा. इथे घाबरून थ्रॉटल मिटलात की मागच्या चाकाला अचानक पकड मिळते, गाडी उभी राहते आणि सरळ बाहेरच्या कुंपणाकडे धाव घेते. बहुतेक नवख्यांची पहिली मोठी पडझड अशीच होते.

हीट संपली, इंजिन थंड झालं की क्लच उघडून प्लेटी बघा. निळसर डाग दिसले तर स्टार्टला क्लच फार वेळ घसरवलाय. त्या प्लेटी पुढच्या हीटला लावू नका.