तिळाचं खळं यंदा शेणानं सारवू नका

पितृपक्ष संपत आला, की मध्य प्रदेशातल्या ग्वाल्हेर, भिंड, दतियाकडच्या हलक्या रानांत तिळाची खालची बोंडं पिवळी पडू लागतात. पाऊस परतीला लागलेला असतो, हवा कोरडी होत जाते आणि घरोघरी खळ्याची तयारी सुरू होते. जागा साफ करायची, पाणी मारायचं, धुमस करायची आणि वरून शेणाचा सडा घालून सारवायचं. आपल्या मराठी घरांतले आजे-पणजे दक्षिणेतून इकडे आले तेव्हा ही रीत बरोबर घेऊनच आले असणार, आणि इथल्या लोकांची रीतही काही वेगळी नव्हती. यंदा तिळापुरती तेवढी मोडायची आहे.

शेणाला नावं ठेवण्याचा हेतू नाही. अंगण सारवा, गोवऱ्या थापा. पण तीळ हे दाण्यावरचं टरफल न काढता, न धुता, कधी कधी न भाजताही खाल्लं जाणारं बी आहे. परदेशात त्याची चटणी वाटतात, हलवा करतात, पावावर भुरभुरतात. साल्मोनेला नावाचा जीवाणू जनावरांच्या शेणात, पाखरांच्या विष्ठेत, उंदरांच्या लेंड्यांत असू शकतो, आणि कोरड्या तेलकट बियांत तो महिनोन् महिने तग धरतो. युरोपात नियम असा, की 25 ग्रॅमच्या नमुन्यात तो एकही सापडता कामा नये. खळ्यातला एक ओला कोपरा, रात्री येऊन लोळलेलं एक कुत्रं, एवढ्यावर पुढचा सगळा माल नापास होऊ शकतो.

मग व्यापाऱ्यांनी यावर उपाय काय शोधला? गॅस. इथिलीन ऑक्साइडची धुरी दिली की जीवाणू मरतात, दाण्याचा रंग बदलत नाही, खर्चही वाफेनं निर्जंतुक करण्यापेक्षा कमी. पण हा गॅस कर्करोगकारक आहे आणि युरोपात खाद्यपदार्थांवर वापरायला बंदी आहे. सप्टेंबर 2020 मध्ये बेल्जियमनं भारतातून आलेल्या तिळात तो सापडल्याचा इशारा दिला आणि तिकडे दुकानांतून पाव, बिस्किटं, मसाले मागे घेण्याची रांग लागली. ऑक्टोबर 2020 पासून भारतीय तिळाच्या खेपांपैकी निम्म्या तपासायच्या असा नियम युरोपीय संघानं केला. मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम. सोपा हिशेब करून बघा: 20 टनांच्या अख्ख्या कंटेनरमागे 1 ग्रॅम. चहाच्या चमच्याचा तळही झाकला जात नाही एवढं.

शेतकऱ्यानं गॅस वापरलेला नाही, हे खरं. तो कारखान्यात वापरला गेला. पण गॅसची गरज खळ्यातच तयार झाली, हेही तितकंच खरं, आणि म्हणून हा सल्ला खळ्यापासून सुरू केला.

आता काढणी. खालची पानं गळून, बोंडं पिवळसर झाली आणि वरची थोडी हिरवी राहिली, की कापायचं. सगळी बोंडं वाळायची वाट बघाल, तर खालची तडकून अर्धं बी रानातच सांडेल. सकाळच्या दवात कापलं तर बी कमी गळतं. पेंढ्या लहान बांधा, मोठ्या पेंढीच्या पोटात बुरशी धरते. चार-सहा पेंढ्या डोक्याशी डोकं टेकवून उभ्या करा, पण मातीवर नाही, ताडपत्रीवर. ताडपत्री नवीनच हवी असं नाही, धुऊन उन्हात वाळवलेली असली की पुरे. खताची किंवा औषधाची पोती उसवून शिवलेली पट्टी मात्र नको.

आठवडाभराच्या उन्हानंतर पेंढी उलटी करून हलकेच झाडा. पहिल्या झाडणीचं बी सर्वांत स्वच्छ आणि भरलेलं निघतं. ते वेगळं ठेवा. पेंढ्या पुन्हा उभ्या करा, तीन-चार दिवसांनी दुसरी झाडणी. ट्रॅक्टर किंवा बैल फिरवायची तिळाला गरजच नसते. बैल फिरले की शेण पडणारच, आणि ते पडल्याबरोबर उचललं तरी उपयोग नाही. ताडपत्रीवर चपला घालून चढू नका. रात्री कुंपणाला जुनी जाळी लावा, कुत्री आवरतात. मध्येच पाऊस आला तर पेंढ्या वरून झाका, पण बाजू उघड्या ठेवा, नाहीतर दाणा काळवंडतो आणि पांढऱ्या तिळाचा भाव तिथेच पडतो.

साठवण करण्याआधी ओलावा 6 टक्क्यांच्या आत आला पाहिजे. हे यंत्राशिवाय नेमकं कळत नाही. दातांखाली धरून सांगणारे जाणते गावोगाव आहेत, त्यांचा मान राखावा, पण माल तोलावर चढवण्याआधी यंत्रानं बघावा. पोतं नवं, स्वच्छ. युरियाच्या पोत्यात तीळ भरण्याची खोड आपल्याकडे घट्ट आहे, ती याच हंगामात सोडा. धान्यात टाकायच्या सल्फासच्या गोळ्या घरात, झोपायच्या खोलीशेजारी तर मुळीच नकोत, त्यांनी माणसं दगावतात.

फवारणीबद्दल थोडक्यात. बोंड पोखरणारी अळी दिसली, की शेवटच्या टप्प्यात घाईनं क्लोरपायरीफॉस मारलं जातं. युरोपनं 2020 मध्ये त्याची मर्यादा किलोला 0.01 मिलिग्रॅमवर आणली, म्हणजे जवळपास शून्यच. बोंडं भरल्यावर मारलेलं औषध दाण्यात उरतं. तसंच पर्णगुच्छ, म्हणजे फुलांच्या जागी पानांचा झुपका येण्याचा रोग, झालेली झाडं वेळीच उपटून जाळली असती तर तुडतुड्यांमार्फत तो पसरणं आवरलं असतं. ते पुढच्या वर्षीसाठी लक्षात ठेवा.

हे सगळं एकट्यानं करून भागत नाही. नायजेरिया, सुदान, इथिओपिया, युगांडा इथल्या तिळावरही युरोपनं साल्मोनेलासाठी वाढीव तपासण्या लावल्या आहेत. अडचण सगळीकडे एकच: नियम श्रीमंत देशांचे, माल गरीब देशांतल्या लहान रानांतला, आणि मधली प्रयोगशाळा कुणी उभी करायची? यासाठीच जागतिक व्यापार संघटना, अन्न व शेती संघटना, जागतिक आरोग्य संघटना, जागतिक प्राणी आरोग्य संघटना आणि जागतिक बँक या पाच संस्थांनी एसटीडीएफ (स्टँडर्ड्स अँड ट्रेड डेव्हलपमेंट फॅसिलिटी) नावाची सोय जिनिव्हात उभी केली. ती विकसनशील देशांतल्या प्रकल्पांना 10 लाख डॉलरपर्यंत अनुदान देते, आणि सरकार व व्यापारी एकत्र आले तर अर्जाला वजन येतं. भारतात मसाले मंडळ आणि अन्न व शेती संघटना यांनी याच मदतीनं जिरे, बडीशेप, धणे आणि मिरी यांवर काम केलं, त्यात मध्य प्रदेशही होता. धण्याला जे जमलं ते तिळाला न जमायचं कारण मला दिसत नाही, फक्त मागणारा गट हवा.

म्हणून या हंगामात दहा-पंधरा शेतकऱ्यांनी एक गट करा, शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी असेल तर उत्तमच. ओलावा मोजायचं एक यंत्र आणि सामाईक ताडपत्र्या घ्या. मग निर्यातदाराकडे जा आणि उघड विचारा: वाफेवर निर्जंतुक केलेला माल पाठवता का, आमच्या मालाचा तपासणी अहवाल आम्हाला दाखवाल का, स्वच्छ मालाला क्विंटलमागे काय जास्त द्याल? जो अहवाल दाखवायला कां-कूं करतो, त्याच्याशी पुढच्या वर्षीचा सौदा आजच बोलू नका. तेलबिया निर्यातीची परिषद मुंबईत आहे, पण इथे राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय आणि त्यांचं कृषी विज्ञान केंद्र आहे. ताडपत्रीवर झाडणीचं प्रात्यक्षिक दाखवा म्हणून गटानं लेखी मागणी केली तर नकार यायचं कारण नाही. एकट्या शेतकऱ्याचं तोंडी बोलणं मात्र विसरलं जातं.

प्रत्येक शेताच्या मालातून अर्धा किलो नमुना काढून कापडी पिशवीत ठेवा. पिशवीवर शेताचं नाव, वाण, काढणीची तारीख, फवारणी केली असेल तर औषध आणि दिवस लिहा. माल नापास झाला तर कुणाच्या खळ्यातून दोष आला हे या पिशव्याच सांगतील, आणि गटात भांडणं कमी होतील.

शेवटच्या झाडणीत माती, काडीकचरा आणि अर्धवट दाणा जास्त येतो. तो निर्यातीच्या पोत्यात मिसळू नका. चाळून घाण्याला द्या. ग्वाल्हेरच्या दाणाओळीतल्या, तीळ-गुळाची गजक करणाऱ्या गजकवाल्याला द्यायचा मोह होईल, पण संक्रांतीला ती गजक आपणच खाणार आहोत.