विकिपीडियाचा स्वाध्याय देताय? खाती आधी उघडून घ्या
एका आयपी पत्त्यावरून (म्हणजे एकाच इंटरनेट जोडणीवरून) विकिपीडियावर २४ तासांत साधारण ६ खातीच उघडता येतात. सगळ्या वर्गाला कॉलेजच्या वायफायवर एकदम बसवलंत, की सातव्या विद्यार्थ्यापाशी गाडी अडते. म्हणून खाती आधीच, घरून उघडायला सांगा.

पहिलं लेखन धूळपाटीतच, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर. नव्या लेखापेक्षा असलेल्या लेखात संदर्भासह दोन परिच्छेद घालणं बरं. नवे लेख उल्लेखनीयतेवरून (विषयाची इतरत्र पुरेशी दखल घेतलेली नाही म्हणून) पटकन उडतात. पुस्तकातला मजकूर तसाच डकवला तर प्रताधिकारभंग म्हणून काढला जातो (आणि ते रास्तच आहे).

लेख टिकला की नाही यावर गुण देऊ नका. विद्यार्थ्याच्या ‘योगदान’ पानावर प्रत्येक बदल (ते पानच उडालं नसेल तर) तारीख-वेळेसकट दिसतो, तो तपासा. आदल्या रात्री एकगठ्ठा टाकलेला मजकूर तिथे लगेच ओळखू येतो.