दुधाच्या दातांना कीड: या चुका टाळा

"दुधाचेच दात, पडणारच आहेत!" नागपुरात आजीपासून शेजारच्या काकूपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हेच. पुढचे दात मूल सहा-सात वर्षांचं झाल्यावर पडतात, कबूल. पण दुधाच्या दाढांवर 10-12 वर्षांपर्यंत जेवायचं असतं.

सगळ्यात महागात पडते ती रात्रीची बाटली. लेकरू ती तोंडात धरूनच झोपतं. झोपेत लाळ कमी सुटते, दूध वरच्या दातांभोवती साचतं आणि तोंडातले जंतू त्यातल्या साखरेचं आम्ल करतात. खालचे पुढचे दात जिभेच्या आडोशाला असल्याने बचावतात, वरचे चार आधी किडतात. मूल वर्षापुढचं असेल तर बाटली एकदम हिसकावू नका, रात्रभर रडारड होईल. आधी दुधात साखर घालणं बंद करा, मग झोपतानाच्या बाटलीत रोज थोडं पाणी वाढवत शेवटी नुसत्या पाण्यावर या.

मे महिन्यात सिपरमधून दिवसभर घोट घोट सरबत किंवा ग्लुकोजचं पाणी पाजणं हीसुद्धा तीच चूक. साखर किती, याइतकंच ती किती वेळा तोंडात जाते तेही महत्त्वाचं. घरच्या संत्र्याच्या रसालाही सूट नाही. तहानेला पाणीच द्या. चुसणीला मध तर नकोच. वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

पहिला दात दिसला की ब्रश सुरू. पेस्ट 1000 पीपीएम (दहा लाख भागांत 1000 भाग) फ्लोराइडची. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. कार्टून बघून घेतलेल्या ट्यूबमध्ये फ्लोराइड असेलच असं नाही, मागचा बारीक मजकूर वाचा. आणि ब्रश सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनीच फिरवायचा.

महिन्यातून एकदा उजेडात वरचा ओठ उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती कीडीची सुरुवात; या टप्प्यावर फ्लोराइडने दात सावरू शकतो. तपकिरी खड्डा पडला की मात्र दवाखानाच. धुरी देऊन 'कीड पाडणाऱ्यां'कडे जाऊ नका, दातात अळी नसतेच. खासगी दवाखाना परवडत नसेल तर नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे.

गाल सुजलाय आणि अंगात तापही आहे, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.