सर्व्हर पडला? रिस्टार्ट करण्याआधी पुरावा उचला

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत रात्रपाळीला ईआरपी (कारखान्याचा सगळा हिशेब-कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) पडला की पहिला फोन ठरलेला: “रिस्टार्ट मार की!” भट्टी तापलेली, घाई समजते. तरी पाच मिनिटं मागून घ्या, नाहीतर पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

ॲप्लिकेशन जावावर असेल तर आधी वर्किंग डिरेक्टरीत ‘एचएस_ईआरआर_पीआयडी’ने सुरू होणारी फाइल शोधा. सापडली, तर जेव्हीएम, म्हणजे जावा प्रोग्रॅम चालवणारं इंजिन, स्वतःच कोसळलंय. ‘प्रॉब्लेमॅटिक फ्रेम’खालची ओळ कुठल्या लायब्ररीत ते घडलं हे दाखवते. फाइल नाही आणि एक्झिट कोड (प्रोसेस संपताना मागे राहणारा आकडा) १३७, म्हणजे १२८ + ९? म्हणजे प्रोसेसला सिग्नल ९ (सक्तीनं बंद करण्याचा) देऊन मारलंय, आणि लिनक्सवर पहिला संशय ओओएम किलरवर, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या यंत्रणेवर, घ्यावा. कर्नल लॉगमध्ये त्याची नोंद मिळते. इथं बरेच जण हीप (जावा प्रोग्रॅमच्या डेटासाठी राखलेली मेमरी) वाढवतात. तसं करू नका; मेमरी मशीनची किंवा कंटेनरची संपलेली असते, मोठ्या हीपनं ती आणखी लवकर संपेल.

लॉगमध्ये ‘जावा हीप स्पेस’ची एरर असेल तर मात्र हीप डंप, म्हणजे हीपमधल्या सगळ्याची फाइलमधली नक्कल, हवाच. तो आपोआप घेण्याचा पर्याय आजच चालू करा आणि डिस्कवर निदान हीपएवढी जागा मोकळी ठेवा.